टिटवी, देवमासा आणि हत्ती

गुरुवार, दुपार

परवा निघायचं आहे आणि टेबलावर अजून चार कवळ्या मेणातच आहेत. मी सुट्टीवर जातोय म्हटल्यावर दातांचे एक डॉक्टर फोनवर हसलेच. "तुम्ही? सुट्टीवर?" त्यात हसण्यासारखं काय आहे? इतकी वर्षं गेलो नाही, कारण एकट्याने जाऊन करायचं काय? समुद्राकडे बघून आपणच 'वा' म्हणायचं आणि आपणच मान डोलवायची?

आता एकटा राहिलो नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी लग्न केलं, अगदी वरातीमागून घोडं. ही आपल्या आईला कवळीचं माप द्यायला घेऊन आली होती. मग कवळी टोचते म्हणून आली, मग परत टोचते म्हणून आली, आणि शेवटी लग्न करूनच थांबली. हिच्याबरोबर सासूबाई आल्या आणि हिची बारा वर्षांची मुलगी आली. खाली माझं वर्कशॉप, वर आम्ही चौघं. मुलीचे वडील ती लहान असतानाच वेगळे झाले. ते दूरदेशी असतात, वाढदिवसाला फोन करतात.

मुलीला घरात टिटवी म्हणतात, कारण लहानपणी ती सारखी कलकलाट करायची म्हणे. माझ्यासमोर कलकलाट सोडाच, मोठ्याने बोलतही नाही. लग्नाआधी मला 'कवळीवाले काका' म्हणायची. लग्नानंतर काका गेले आणि त्या जागी काहीच आलं नाही. काही हवं असेल तर समोर येऊन उभी राहते आणि मी बघेपर्यंत थांबते. मीही तिला टिटवी म्हणत नाही, फक्त इथे लिहिताना म्हणतो. ते त्या तिघींचं आपसातलं नाव आहे, आपण उगाच कशाला मध्ये तोंड घालायचं.

गेल्या महिन्यात जेवताना ती एकदम म्हणाली, "मी हॉस्टेलच्या शाळेत जाऊ?" हिच्या हातातला चमचा तसाच राहिला. विचारलं आईला, पण बघत होती माझ्याकडे. आपल्यामुळे एका मुलीला घर सोडावंसं वाटतंय, याहून वाईट काय असणार? निदान तिच्या आड तरी येऊ नये म्हणून मी लगेच म्हणालो, "छान कल्पना आहे. फार चांगली शाळा आहे म्हणतात ती." दुसऱ्या दिवशी काम टाकून शाळा बघूनही आलो. पोहायचा तलाव आहे, ग्रंथालय आहे, खोलीत दोघीच मुली असतात. सगळं तिला नीट सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

सुट्टी संपली की काय ते कळवा, असं शाळेने सांगितलंय. म्हणून हिने ठरवलं की आधी चौघं मिळून कुठेतरी जाऊ, मग बघू. हिला समुद्र हवा होता, टिटवीला जंगल. भांडण नको म्हणून दोन्ही घेतलं, आधी किनाऱ्यावर देवमासे, मग रानात हत्ती. सासूबाईंना काय हवं ते कोणी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "मला खिडकी."

ती जाऊ नये असं मला वाटतं. ती बाथरूममध्ये गाते तेव्हा मी खाली पॉलिशचं मशीन बंद करून ऐकतो. पण मला काय वाटतं हा प्रश्नच कुठे येतो? मी तिच्या आयुष्यात आठ महिन्यांचा माणूस.

शनिवार

पोचलो. गाडी मीच चालवली. ही म्हणते, माझ्यापेक्षा बैलगाडी बरी. सासूबाईंना खिडकी मिळाली आणि त्यांनी ती संपूर्ण प्रवासात बंद ठेवली.

उतरलोय ती जागा बरी आहे. दोन खोल्या आणि मध्ये एक दार. एका खोलीत आजी आणि नात, एकीत आम्ही. मधलं दार उघडं ठेवायचं की बंद, यावर मी बराच विचार केला. उघडं ठेवलं तर मुलीला वाटेल हा माणूस डोकावतो, म्हणून मी लावून घेतलं. थोड्या वेळाने कळलं, टिटवीने आजीला विचारलं होतं, "दार का लावलं?" नवी जागा आहे म्हणून तिला तसं वाटलं असेल.

रविवार

सकाळी खडकांवर गेलो. टिटवी चपला हातात घेऊन पुढे पुढे जात राहिली. भरती सुरू होती. बऱ्याच लांबच्या एका खडकावर जाऊन तिने वळून माझ्याकडे पाहिलं. मी हात हलवला. ती आणखी एक खडक पुढे गेली आणि परत वळून पाहिलं. मी परत हात हलवला. तेवढ्यात लाट आली आणि ती गुडघ्यापर्यंत भिजली.

हाक मारावी असं फार वाटत होतं. तोंडाशी आलीही होती. पण आईने टोकलं तर ती काळजी आणि मी टोकलं तर तो जुलूम. कालचा आलेला माणूस आज हुकूम सोडायला लागला म्हणेल. म्हणून ओठ आवळून बसलो. शेवटी ही चहा संपवून आली आणि तिने "टिटवेऽ!" अशी हाक मारली की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली. टिटवी मुकाट्याने परत फिरली.

माझ्याजवळून जाताना थांबली. "मी कुठे होते ते तुम्हाला दिसत नव्हतं का?"

"दिसत होतं की," मी म्हणालो. "मजा करत होतीस."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मी अडवलं नाही हे तिला आवडलं असावं.

सोमवार

वारा. बोटी बंद. दिवसभर पत्ते. सासूबाई लबाडी करतात आणि पकडलं की चष्म्याला दोष देतात. मी पकडत नाही.

मंगळवार

जे व्हायचं ते झालं. शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

बोट लहानच होती. आम्ही चौघं, एक नवं जोडपं आणि बोटवाला. बोटवाल्याने आधी माहिती दिली. इकडे येतात त्या देवमाशांना म्हणे दात नसतात, तोंडात झालरी असतात, त्यातून पाणी गाळून खातात. ही माझ्याकडे वळून म्हणाली, "गेलं तुमचं गिऱ्हाईक." मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं. निघायच्या आधी मी सासूबाईंना म्हणालो होतो, बोट हलेल, कवळी काढून डबीत ठेवा. तर म्हणाल्या, "देवमाशासमोर काय बोळक्या तोंडाने जाऊ?"

मग बराच वेळ नुसतं पाणी. टिटवी सगळ्यात पुढे बसली होती, जाकीट न घालता. तिचं जाकीट माझ्या हातात होतं.

"थंडी वाजत नाही ना?" मी विचारलं.

"नाही."

ओठ निळे पडले होते. "बरं, हवं असेल तेव्हा सांग," म्हणालो आणि जाकीट मांडीवर घेऊन बसलो. तिने ते काही मागितलं नाही.

अखेर बोटवाल्याने इंजिन बंद केलं. सगळं चिडीचूप. कोणीतरी कुजबुजलं, "ते बघा." आणि नेमक्या त्याच क्षणी सासूबाईंनी माझी बाही धरली, कठड्यावरून वाकल्या आणि सकाळचा नाश्ता समुद्राच्या स्वाधीन केला. नाश्त्याबरोबर खालची कवळी गेली. मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला, पण तोवर ती हाताबाहेर गेली होती. पाणी स्वच्छ होतं. माझी गुलाबी-पांढरी कवळी डुलत डुलत खाली जाताना मला कितीतरी वेळ दिसत होती. पाठीमागे सगळे ओरडत होते. आई गं! पिल्लू आहे बरोबर! शेपटी बघ, शेपटी! मी वळलो तेव्हा पाण्यावर एक मोठं गुळगुळीत वर्तुळ तेवढं उरलं होतं.

म्हणजे एवढ्या लांब येऊन मी देवमासा पाहिला नाही. बाकीची मंडळी सांगतात, आई आणि पिल्लू दोघंही बोटीच्या अगदी जवळ आले होते. पिल्लू आईच्या पाठीवर चढायचं, घसरायचं, परत चढायचं. आई अजिबात हलत नव्हती म्हणे.

टिटवीने देवमासाही पाहिला आणि मलाही पाहिलं, हात पाण्यात, तोंड उघडं, बाहीतून पाणी गळतंय. आणि ती हसली. साधं नाही, पोट धरून, खाली बसून, बोटवाल्याने वळून बघावं इतक्या मोठ्याने. आठ महिन्यांत पहिल्यांदा मी ते ऐकलं. हसत होती माझ्यावरच, पण ते परत ऐकायला मिळणार असेल तर वरची कवळीही फेकायला मी तयार होतो.

एक गोष्ट इथेच लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलणार? कवळी घट्ट असती तर गेली नसती. नवी कवळी टोचतेच. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी ठणकावून सांगतो, थोडे दिवस सोसा, हिरडीला सवय होऊ द्या, आल्या आल्या घासून मिळणार नाही. सासूबाईंना हे कसं सांगणार? हिची आई ती. त्या आल्या, मी घासून दिली. परत आल्या, परत घासली. दरवेळी वाटायचं, आता तरी खूश होतील. शेवटी टोचेनाशी झाली आणि इतकी ढगळ झाली की उलटीबरोबर जावी. माझ्या हातून असली कवळी कधी गेली नव्हती.

सासूबाईंना अजून हे माहीत नाही. त्या समुद्राला दोष देतायत.

गुरुवार

काल दिवसभर प्रवास, आज रानात. लाकडी खोल्या, पुढे व्हरांडा, समोर गवत आणि गवताच्या पलीकडे खरं रान. सासूबाई सूप आणि चहात बुडवलेला पाव यांवर दिवस काढतायत. पण जीभ धड आहे. जेवताना म्हणाल्या, "हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे. माझे खायचे समुद्रात गेले, दाखवायचे तेवढे राहिले." टिटवीला ठसका लागला. मी पाण्याचा पेला पुढे केला, पण तिने आईचा घेतला.

दुपारी मी व्हरांड्यात बसलो होतो. ती समोर येऊन उभी राहिली आणि मी बघेपर्यंत थांबली.

"आजीची कवळी परत कशी करणार?"

"माप घ्यायचं. मग मेणात दात बसवून तोंडात लावून बघायचे. चावा बरोबर आला की पक्की करायची."

"आणि परत टोचली तर?"

"घासून द्यायची."

"किती?"

"टोचेनाशी होईपर्यंत."

ती विचार करत खांबाला टेकली. "मग ती सैल होईल. आणि परत पडेल."

मी चपापलो. पोरीला कोणी सांगितलं? "होतं तसं कधीकधी," मी म्हणालो.

"मग थोडी टोचली तर काय बिघडलं?" ती म्हणाली. "निदान तोंडात आहे हे तरी कळतं."

हुशार आहे पोर. डॉक्टरांना जे समजावून सांगताना मला घाम फुटतो ते तिने दोन प्रश्नांत काढलं. मला इतकं कौतुक वाटलं की बोलून गेलो, "तुझं डोकं चांगलं चालतं. हॉस्टेलच्या शाळेत प्रयोगशाळा उत्तम आहे, तिथे चमकशील तू." तिचा चेहरा एकदम पडला. "हो का," म्हणाली आणि आत गेली. मला आणखी गप्पा मारायच्या होत्या. जास्त बोललो की माझं हे असं होतं. कुठे थांबायचं कळत नाही.

हिला सांगितलं, तर ही कपाळावर हात मारून नुसती बघत राहिली. विचारलं काय झालं, तर म्हणे, "काही नाही. तुम्ही दोघं एकाच माळेचे मणी आहात."

शुक्रवार

तोंड दाखवायला जागा उरली नाही.

पहाटे उघड्या जीपमधून निघालो. आमच्याबरोबर आणखी एक कुटुंब. गाईडबाईंनी निघण्याआधी बजावलं होतं, उभं राहायचं नाही, उतरायचं नाही आणि काहीही झालं तरी आवाज करायचा नाही. मी सगळ्यांकडे बघून मान डोलावली होती, जणू मीच नियम केलेत.

पाणवठ्याजवळ बाईंनी जीप थांबवली. झाडीतून आधी एक मोठी हत्तीण आली, मागून आणखी, आणि त्यांच्या पायांमधून दोन पिल्लं. मी इतकं मोठं काही इतकं शांतपणे चालताना पाहिलं नव्हतं. पाय पडल्याचा आवाजसुद्धा नाही. निदान हे तरी मी पाहणार, असं मनात म्हणालो.

तेवढ्यात वाऱ्याने टिटवीची टोपी उडाली आणि जीपच्या मागे गवतात पडली. तिने माझ्याकडे पाहिलं, हत्तींकडे पाहिलं, जीपचं मागचं दार उघडलं आणि उतरली. अगदी सहज, दुकानात उतरावं तशी. पहिली हत्तीण वळली. कान पसरले.

मी ओरडलो. "टिटवे! मूर्ख कार्टी! वर ये आधी! वर ये!" हा माझा आवाज आहे हे मलाच कळलं नाही. झाडावरचे सगळे पक्षी उडाले. मी वाकून तिचा दंड धरला आणि तिला पोत्यासारखं आत ओढलं. "अक्कल आहे का? काही झालं असतं तर? टोपीसाठी? जीव स्वस्त झालाय का तुझा?" आणखीही काय काय बोललो. सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा थांबलो.

तोवर हत्ती पसार झाले होते. गाईडबाई मलाच रागावल्या. मुलीला त्यांनी हळूच वर घेतलं असतं, हत्तीण नुसती बघत होती, माझ्या ओरडण्याने कळप बिथरला आणि आता दिवसभर दिसायचा नाही. खरंच दिसला नाही. दुसऱ्या कुटुंबातले लोक परतेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

टिटवी लालबुंद होऊन खाली बघत बसली होती. मी तिचा दंड किती घट्ट धरलाय ते मला निम्म्या वाटेत कळलं, कारण तो मी अजून सोडलाच नव्हता. तिनेही सोडवून घेतला नव्हता. भेदरली असणार. मी लगेच सोडला आणि सॉरी म्हणालो. ती खिडकीबाहेर बघायला लागली, म्हणजे जीपला खिडकी नाही, पण तसं.

आठ महिने तोलून मापून वागलो, एका शब्दानेही दुखवलं नाही, आणि एका सकाळीत सगळं मातीत घातलं. परक्या लोकांसमोर मूर्ख कार्टी म्हणालो. आता ती हॉस्टेललाच काय, आणखी लांबही जाईल. हिला म्हणालो, "माझं चुकलं." ही म्हणाली, "झोपा आता थोडे." हिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, पण ही राग दाखवत नाही.

रात्री जेवताना टिटवी माझ्या शेजारी बसली, कारण दुसरी खुर्ची नव्हती. मला न विचारता माझ्या ताटलीतले बटाट्याचे चिप्स उचलून खात होती. सगळे संपवले. रागातच असणार.

शनिवार

सकाळपासून तिने माझा सूड घ्यायचं मनावर घेतलेलं दिसतं.

जीपमध्ये बसताना ती जाकीट न घालता माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. गार वारं सुटलं होतं. मला वाटलं, आता बिघडायचं काय राहिलंय? "जाकीट घाल," म्हणालो.

"मला नाही थंडी वाजत."

"तरी घाल."

"काय कटकट आहे," ती म्हणाली, तोंड वाकडं केलं आणि जाकीट घातलं. गळ्यापर्यंत चेन ओढली.

आता माझ्याशी तोंड वाकडं करूनच बोलते. हत्ती दिसले नाहीत, तर म्हणे, "तुमच्यामुळे. त्यांनी आपसात सांगितलं असेल, तो ओरडणारा माणूस आलाय." मी हरणांना काळवीट म्हणालो तर सगळ्यांसमोर सुधारलं. दुपारी पत्ते खेळताना मी सासूबाईंची लबाडी सोडून दिली, तर टिटवी ओरडली, "तुम्ही पाहिलंत आणि बोलला नाहीत! मी बघितलं तुम्हाला बघताना!" एवढ्या मोठ्याने की शेजारच्या खोलीतून कोणीतरी भिंत वाजवली.

सगळ्यात वाईट म्हणजे संध्याकाळी व्हरांड्यात ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती आणि माझ्या कानावर आलं. "अगं, सगळ्यांसमोर ओरडले मला! मूर्ख कार्टी म्हणाले! हात धरून असं उचलून आत टाकलं. अगं, हत्तीसुद्धा पळाले! नाही गं, आमच्याकडे असंच असतं. फार कडक आहेत." पुन्हा पहिल्यापासून, दुसऱ्या मैत्रिणीला. हत्ती प्रत्येक वेळी थोडे वाढत होते. म्हणजे आता सगळ्या शाळेला कळणार, माझं नाव खराब झालं.

सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. दाखवायचे दात दाखवत हसत होत्या. म्हणाल्या, "जावईबापू, माझी पुढची कवळी जरा टोचू दे. मी कितीही बोंब मारली तरी घासू नका."

म्हणजे त्यांना माहीत होतं. मी मान खाली घालून "बरं" म्हणालो.

उद्या परत. वाटेत हॉस्टेलचा विषय निघेल. मी ठरवलंय, आपण स्वतःहून होकार द्यायचा, म्हणजे तिला आईशी भांडावं लागणार नाही. एवढं तरी तिच्यासाठी करता येईल. वाक्यं मनात जुळवून ठेवली आहेत. म्हणून बघितली तर घशात अडकतात, पण उद्यापर्यंत सवय होईल.

रविवार, संध्याकाळ

घरी आलो. बॅगा जिन्यातच आहेत. आधी हे लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसायचा नाही.

वाटेत पेट्रोल भरून गाडी बाजूला लावली. ही सासूबाईंना घेऊन आत गेली. गाडीत मी आणि टिटवी. ती मागे बसली होती, पाय माझ्या सीटच्या पाठीला लावून. सीट खराब होईल असं मनात आलं, पण बोललो नाही.

"उद्या शाळेला कळवायचंय," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला काय वाटतं?"

मी तयारच होतो. "तुला जिथे बरं वाटेल तिथे..."

"ते नाही विचारलं."

"शाळा तर उत्तम आहे. तलाव आहे..."

"तलावाचं नाही विचारलं!" तिने सीटला लाथ मारली. खरंच मारली, माझ्या पाठीत बसली. "तुम्ही सगळ्यांना विचारता. हवं का, नको का, थंडी वाजते का. तुम्हाला काय हवंय ते कधीच सांगत नाही. मी जाऊ का विचारलं तर लगेच छान कल्पना म्हणालात. लगेच! जेवणसुद्धा संपलं नव्हतं!"

मी आरशात पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते, पण नजर माझ्यावरच होती. मला जे बोलायचं असतं ते नेहमी समोरचं माणूस निघून गेल्यावर सुचतं. आणि हे माणूस गेलं असतं तर सुट्टीपुरतंच परत आलं असतं. जुळवून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"नको जाऊस," मी म्हणालो.

"का?"

धड कारण शोधलं, एकही सापडेना. "मला आवडणार नाही. तू गेलीस तर मला घरात करमणार नाही. मला फार वाईट वाटेल."

तिने नाक पुसलं. "आणि मला जायचंच असेल तर?"

"तरी मी नकोच म्हणेन."

"आईला सांगाल असं? तोंडावर?"

"सांगेन."

"बघू," ती म्हणाली आणि पाय सीटवरून खाली घेतले.

त्या दोघी आल्या. ही दार उघडून आत बसणार, तेवढ्यात मी पुढे बघतच बोलून टाकलं, कारण हिच्याकडे बघितलं असतं तर जमलं नसतं. "ही हॉस्टेलला जाणार नाही. मी नको म्हणालोय." माझा आवाज चिरकला. ही एक पाय गाडीत आणि एक बाहेर अशी उभी राहिली आणि टिटवीकडे पाहायला लागली.

टिटवीने हाताची घडी घातली, गाल फुगवले आणि म्हणाली, "बघ ना आई! या घरात मला कोणी काही विचारतच नाही."

ही हसायला लागली आणि मग तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. सासूबाई मला म्हणाल्या, "गाडी काढा." मी काढली.

पुढचा सगळा रस्ता टिटवीचं तोंड बंद नव्हतं. हे गाणं बदला, काच खाली करा, किती हळू चालवता, आपल्याला सायकलवाल्याने मागे टाकलं. घरी आल्यावर जिन्यात पाय आपटत वर गेली. मला वाटतं ती रागावलीच आहे. उद्या सकाळी तिला शांतपणे विचारावं म्हणतो, माझं जरा जास्तच झालं का, मनाविरुद्ध तर राहत नाहीस ना. हिला आत्ता तसं म्हणालो, तर ही म्हणाली, "खबरदार विचारलंत तर."